तुरळक नावाचा गाव

आमच्या आईची कित्येक वर्षं अशी समजूत होती, की तुरळक नावाचा एक गाव आहे आणि पाऊस पडायचा तो आधी तिथे पडतो. संध्याकाळच्या मराठी बातम्या संपताना रेडिओवर हवामान सांगत, 'कोकण आणि गोव्यात तुरळक ठिकाणी पावसाची शक्यता आहे.' त्या वेळी आई चुलीपुढे माशाचं हुमण ढवळत असे. तिचं माहेर आमोण्याचं, डिचोली तालुक्यातलं. घरात बोलणं कोकणी. मराठी तिला ठाऊक ती पोथीतली नि कीर्तनातली, आणि पोथीत काही तुरळक हा शब्द येत नाही. एकदा तिने बाबांना विचारलं, "ह्या तुरळक खंय इला?" बाबांनी पेपरातून मान वर न काढता सांगितलं, "दोडामार्गाच्या वाटेर."

बाबांना एवढंच हवं होतं. पुढे कित्येक वर्षं त्यांनी ही थट्टा जपून ठेवली. आई त्या गावाबद्दल मनापासून हळहळायची. "तुरळकातल्या बायकांचा काय खरा नाय," ती म्हणायची, "कपडे सुकवतत तरी खंय?" शेजारणीच्या मुलीला दोडामार्गाकडचं स्थळ आलं, तेव्हा आईने तिला बाजूला घेऊन, गाव तुरळकाच्या जवळ नाही ना एवढं बघून घ्यायला सांगितलं. बाबांना मागीलदारी जाऊन हसावं लागलं.

मी शाळेत होते तेव्हा ही गोष्ट माझ्या लक्षात आली आणि मी मोठ्या शहाणपणाने आईला तुरळक म्हणजे काय ते सांगितलं. तुरळक म्हणजे कुठे कुठे, विरळ, थोड्या जागी. मला वाटलं आता ती बाबांवर भडकेल. भडकली ती रेडिओवर. "मगे गावाचा नाव घेऊन सांगूक काय जाता तेंका? कुठे कुठे पडतलो ह्या माकाय कळता," ती म्हणाली आणि डाव भांड्यावर आपटला.

तिचा राग विरला, पण तिचा प्रश्न मला चिकटला तो आजतागायत. गावाचं नाव का घेत नाहीत?

आमच्या घरी या प्रश्नावर बरंच काही अवलंबून असायचं. आमचं मिठाचं आगर होतं. पेडण्यात शापोऱ्याच्या खाडीचा एक फाटा आत शिरतो, त्याच्या काठाला. पावसाळा सरला की बाबा चिखलाचे बांध नव्याने घालत, आगराचे चौकोनी खण पाडत. भरतीचं पाणी मानशीच्या, म्हणजे बांधातल्या झडपेच्या, दारातून आत घेत, ते एका खणात तापवत, मग पुढच्या खणात सोडत, तिथून आणखी पुढच्या. शेवटच्या खणांत पाणी आटून मीठ धरायचं. लांब दांड्याच्या फळीने ते ओढून बांधावर ढीग घालायचा. हे सगळं उन्हाच्या भरवशावर. मे महिन्यात खणांत मीठ पिकत आलेलं असताना एक बऱ्यापैकी सर आली, की मीठ जिथून आलं तिथे परत. पाणी पुन्हा तापवायला दिवस लागतात आणि तेवढे दिवस मे महिना देत नाही.

म्हणून बाबा रेडिओ ऐकायचे. पण त्यांचा त्यातून काढलेला अर्थ मोठा मजेशीर होता. तुरळक ठिकाणी म्हणजे आमच्याकडे नाही. आमच्याकडे असतं तर सांगितलं असतं, असं त्यांचं सरळ म्हणणं. आई त्या गावावर विश्वास ठेवायची म्हणून ते हसत. मनातून त्यांनीही तो गाव दुसरीकडे कुठे तरी बसवूनच ठेवला होता. पाऊस आमच्याच आगरावर पडला त्या वर्षी ते रेडिओवर असे रुसले, की सोयरिकीत मानपान चुकल्यासारखे चार दिवस त्याला हात लावला नाही.

खाडीच्या पलीकडे, आमच्या समोरच, दुसरं एक आगर होतं. त्याच्या मालकांना आम्ही पैलतडीचे काका म्हणत असू. हाक मारली तर ऐकू जाईल एवढंच अंतर, पण दोघं एकमेकांच्या घरी जायचे नाहीत. भांडण असं काही झालेलं नव्हतं. कोणाचं मीठ जास्त पांढरं, एवढाच वाद, आणि तो दोघांनीही आयुष्यभर पुरवून पुरवून खाल्ला. काका इकडे तोंड करून ओरडायचे, "आज चिखल ओडतंस काय रे?" बाबा उत्तर द्यायचे, "तुजा बगून शिकलंय." एवढ्यावर दोघांचा दिवस चांगला जायचा.

मी पुढे गणित शिकले, मग कॉम्प्युटर. लग्न होऊन नार्व्याला आले आणि डिचोलीच्या एका शाळेत अकरावी-बारावीला कॉम्प्युटर शिकवू लागले. परीक्षेत जे येणार नाही तेच वाचायची मला खोड आहे. माझे विद्यार्थी त्याबद्दल माझ्यावर वैतागलेले असतात. आईच्या प्रश्नाचं उत्तर शोधता शोधता मी हवामानाच्या गणितात जाऊन पडले. सुट्टीत पेडण्याला गेले की वाचलेलं बाबांना बल्कावावर, घरापुढच्या सोप्यावर बसून सांगायची. ते ऐकत होते की नुसते बसत होते, हे मला आधी कळायचं नाही.

पहिल्या दिवशी मी खडूने जमिनीवर चौकोन आखले. सांगितलं, हवेचे असे तुकडे पाडतात, जमिनीवर आणि वर आभाळातही, एकावर एक. प्रत्येक चौकोनात आता हवेचा दाब किती, वारा कुठचा, दमटपणा किती, ते मांडतात. मग शेजारच्या चौकोनांत काय आहे ते बघून पुढच्या घटकेला ह्या चौकोनात काय होईल त्याचा हिशोब करतात. तो झाला की त्याच्या पुढच्या घटकेचा. असं करत करत उद्यावर पोचायचं. बाबांनी वाकून बघितलं आणि म्हणाले, "हो तर आगर." मला इतका आनंद झाला की मी खडू खाली टाकला. खरंच आगर होतं ते. एका खणातलं शेजारच्या खणात जातं, आणि शेवटच्या खणात काय पिकेल ते पहिल्या खणात काय घेतलं त्यावर ठरतं.

मग मला थांबवणं कठीण झालं. हा हिशोब पहिल्यांदा करून बघितला तो कॉम्प्युटर नसताना, पहिल्या महायुद्धाच्या काळात. एक गणिती फ्रान्समधल्या आघाडीवर जखमींच्या गाड्या चालवण्याचं काम करत होता आणि कामातून सवड मिळेल तेव्हा कागदावर हवेचे आकडे मांडत होता. होऊन गेलेल्या एका दिवसाचे सहा तास घेतले होते त्याने. सहा तासांच्या हवेसाठी कित्येक आठवडे खपला. आणि उत्तर काय आलं, तर हवेचा दाब असा काही चढला की तसा पृथ्वीवर कुठे चढलेला कोणी पाहिला नव्हता. प्रत्यक्षात त्या दिवशी हवा आपली शांत होती. मला त्या माणसाचं कौतुक वाटतं ते पुढच्या गोष्टीसाठी. एवढा सपशेल चुकलेला हिशोब त्याने लपवला नाही, पुस्तकात छापला, की बघा, मी असा चुकलो.

"चुकलो कित्याक?" बाबांनी विचारलं.

मी सांगितलं, गणित बरोबर होतं, पण सुरुवातीचे आकडे थोडे खडबडीत होते, एकमेकांशी नीट जुळत नव्हते. ती बारीक गडबड पुढच्या हिशोबात फुगत गेली.

"गढूळ पाणी घेतल्यान मानशीतसून," बाबा म्हणाले. ते ऐकतच होते तर.

त्याच माणसाने एक स्वप्नही लिहून ठेवलं होतं. एक प्रचंड गोल दालन, आतून पृथ्वीचा नकाशा रंगवलेला, आणि त्यात हजारो माणसं बसून आपापल्या चौकोनाचा हिशोब करताहेत. मध्ये उंच खांबावर एक मुकादम, जो मागे पडेल त्याच्यावर एका रंगाचा उजेड टाकणारा, जो घाई करेल त्याच्यावर दुसऱ्या रंगाचा. एवढी माणसं बसवली तर कुठे हवेच्या बरोबरीने हिशोब धावेल, असा त्याचा अंदाज. हे ऐकून आई आतून म्हणाली, "तितक्या लोकांक च्या कोण करतलो?" मला हा मुद्दा कुठल्याही पुस्तकात मिळाला नव्हता.

दुसऱ्या महायुद्धानंतर अमेरिकेत ते काम यंत्राने केलं. खोलीभर पसरलेलं यंत्र, मुळात तोफांच्या माऱ्याचा हिशोब करायला बांधलेलं. त्याने एका दिवसाचा अंदाज काढला, त्यालाही जवळजवळ एक दिवसच लागला. "म्हणजे पावस पडान गेल्यार सांगतलो, पावस पडतलो म्हणून," आई म्हणाली. मी म्हटलं, आई, त्या लोकांना तेवढ्यातही आनंद झाला होता, कारण हवा आणि यंत्र प्रथमच बरोबरीला आली होती. आईने हं केलं. त्या हं मध्ये फारसा आनंद नव्हता.

माझा सगळ्यात आवडता किस्सा पुढचा. आणखी काही वर्षांनी एका शास्त्रज्ञाने यंत्रावर हवेचं एक छोटंसं गणित चालवलं होतं. तेच गणित मधूनच पुन्हा चालू करायला त्याने छापून आलेला आकडा भरला. यंत्राच्या पोटात आकडा लांब होता, कागदावर तीनच घरांपर्यंत छापलेला. एवढासा फरक. थोडा वेळ दोन्ही हवा सारख्या चालल्या, मग एकमेकींपासून फुटल्या आणि शेवटी त्यांचा एकमेकींशी काही संबंध उरला नाही. हे मी दरवर्षी वर्गात करून दाखवते. मुलं म्हणतात, मॅडम, प्रोग्राम चुकलाय. प्रोग्राम चुकलेला नसतो. ते त्यांच्या तोंडावर उमटेपर्यंत मी गप्प उभी राहते, आणि ती दोन मिनिटं मला माझ्या नोकरीतली सगळ्यात सुखाची वाटतात.

अंदाज चुकला की हवामानवाल्यांची टर उडवणारे लोक मला सहन होत नाहीत. आमच्या शिक्षकांच्या खोलीत एक आहेत. छत्री आणली की पाऊस नाही, म्हणून दरवेळी तोच विनोद. मी एकदा त्यांना म्हटलं, तुम्ही उद्या वर्गावर वेळेत पोचाल का याचा अंदाज तुम्ही स्वतः तरी सांगू शकाल का? त्यानंतर ते माझ्यासमोर तरी तो विनोद करत नाहीत.

आईच्या प्रश्नाचं उत्तर मला चौकोनांत सापडलं. सुरुवातीच्या काळात चौकोन इतके मोठे होते, की एका चौकोनात अख्खा गोवा, वर सिंधुदुर्ग आणि शिवाय समुद्राचा मोठा तुकडा मावायचा. सह्याद्रीचे कडे त्यात नव्हतेच, नुसता एक सौम्य चढ होता. अशा यंत्राला पेडणं ठाऊक नाही, डिचोली ठाऊक नाही. त्याला एवढंच कळतं, की ह्या चौकोनात कुठे तरी थोडा पाऊस आहे. कुठे, ते त्याच्या हिशोबातच नाही. मग सांगणारा माणूस प्रामाणिक असेल तर काय म्हणेल? तुरळक ठिकाणी. मी बाबांना सांगितलं, जुन्या हिशोबात आपला चौकोन निम्मा समुद्रात होता.

"म्हणजे तेंच्या लेखी आमी बुडालेलेच," बाबा म्हणाले.

पुढे यंत्रं वाढली आणि चौकोन आकसत गेले. आपल्या देशाने मान्सूनसाठी परदेशातून मोठं यंत्र आणलं, मग इथे बांधली. हल्ली तर जुन्या हवेच्या नोंदी बघून बघून नव्या हवेचा अंदाज शिकणारी यंत्रं आली आहेत, ती समीकरणं न सोडवता मिनिटांत उत्तर देतात. ती कशी काय जुळवतात हे मला अजून पुरतं कळलेलं नाही आणि ते मला झोपू देत नाही. चौकोन जिल्ह्याएवढा झाला, तालुक्याएवढा झाला, मग पाचसहा किलोमीटरवर आला. आणि इकडे, त्याच वर्षांत, खाडीवरची आगरं एकेक करून जात होती. कुणाचे बांध फुटले ते फुटले. कुणाची जागा मांद्र्याच्या किनाऱ्यावर येणाऱ्या पाहुण्यांसाठी खोल्या बांधायला गेली. शेवटी आमच्या वळणावर दोनच राहिली, आमचं आणि पैलतडीच्या काकांचं. यंत्राला आमचं आगर दिसायला लागेपर्यंत दिसण्यासारखं फारसं उरलंच नव्हतं. याचं मला वाईट वाटतं, आणि ते कुणावर काढावं ते कळत नाही.

गेल्या मे महिन्यात सुट्टीला गेले तेव्हा बाबांनी जेवताना सांगितलं, "ह्या वर्साचा मीठ शेवटचा." गुडघे वाकत नाहीत. चिखल काढायला माणसं मिळत नाहीत. बेळगावकडचं एक जोडपं दरवर्षी यायचं, त्यांना आता बांधकामावर बारमाही काम आहे. सगळं खरं होतं. माझं निम्मं शिक्षण त्या खणांवर झालं होतं असं म्हणायला हरकत नाही, आणि तेच आगर आता नकाशावरून पुसलं जाणार होतं.

शेवटची एकच खेप खणांत होती. बाबांना ती चांगली जाड दाण्याची हवी होती. दरवर्षी पुरुमेंताच्या वेळी, म्हणजे पावसाळ्याची बेगमी करतात तेव्हा, ते दोन्ही आत्यांना, मला आणि शेजारच्या चार घरांना मिठाची एकेक पाटी देत. आंबे खारवायला, बांगडे सुकवायला. शेवटची पाटी बारीक, ओलसर, मातकट मिठाची गेली असं कोणी म्हणता कामा नये, एवढाच त्यांचा हट्ट होता. दाणा धरला होता, पण अजून दोन दिवस कडक ऊन हवं होतं.

सकाळी मी फोन उघडला. वर आमच्या गावाचं नाव, खाली उद्याच्या दिवसासमोर पावसाची शक्यता तीस टक्के. मी ते सहज बाबांपुढे धरलं. त्यांनी चष्मा लावला आणि त्यांचा चेहराच उतरला.

"आमचा नाव घेतलां," ते म्हणाले.

टक्क्यांकडे त्यांनी बघितलंच नव्हतं. आयुष्यभर रेडिओने दुसरीकडे कुठे तरी पाऊस पाडला होता. आज पहिल्यांदा हवामानाने त्यांच्या गावाचं नाव घेतलं, म्हणजे पाऊस येणारच, अशी त्यांची खात्री झाली. ते उठून फळी शोधू लागले. अर्धं पिकलेलं मीठ आजच ओढायला निघाले होते.

मी त्यांना हाताला धरून बसवलं. सांगितलं, बाबा, हल्ली हिशोब एकदा करत नाहीत. सुरुवातीचे आकडे नेमके कधीच मिळत नाहीत हे हवामानवाल्यांना ठाऊक आहे, म्हणून ते मुद्दाम थोडे थोडे बदलून तोच हिशोब पन्नास वेळा करतात. समजा त्यातल्या पंधरा वेळा आपल्या चौकोनात पाऊस आला, पस्तीस वेळा आला नाही. त्याचे हे तीस टक्के.

"खंयच्या पंदरा खेपेक?"

"ते ठाऊक नाही. ते ठाऊक असतं तर पन्नास वेळा कशाला केलं असतं?"

बाबांनी विचारलं, "चौकोन केदो?" मी हाताने दाखवलं, इकडे देवळापासून तिकडे पुलाच्या पलीकडपर्यंत. "म्हणजे तो पैलतडीचोय ह्याच चौकोनात?" मी हो म्हटलं. त्यावर ते हसले. "इतक्या वर्सांनी एका घरात इलों म्हण."

आई म्हणाली, ओढून घ्या. तिचं म्हणणं, जे आहे ते पदरात पाडून घ्यावं, दाणा लहान म्हणून कोणी पाटी परत करणार नाही. बाबांनी मला विचारलं, "तू काय करशी?" वर्गात शक्यतेचं गणित शिकवणं वेगळं आणि समोर बापाचं शेवटचं मीठ असताना सांगणं वेगळं. मी म्हटलं, "मी थांबले असते." त्यांनी बांधावर जाऊन पलीकडे हाक घातली, "ओडतंस काय रे?" पलीकडून उत्तर आलं, "राबतंय." थांबतो. मग बाबा ओढणार कसे? त्यांनीही थांबायचं ठरवलं.

तो दिवस लख्ख गेला. दुसऱ्या दिवशी दुपार कलताना घाटाच्या बाजूने ढग चढले. आम्ही तिघंही बांधावर उभी होतो, बाबांच्या हातात फळी, जणू तिने पाऊस ढकलता येणार होता. पाऊस पूर्वेकडून खाडीच्या त्या काठाने आला. आधी पलीकडचे माड दिसेनासे झाले. मग पाण्यावर सरीचा आवाज आला. सर खाडीच्या मध्यापर्यंत आली. पाण्यावरची तिची कड अगदी स्वच्छ दिसत होती, अलीकडे गुळगुळीत पाणी, पलीकडे उकळल्यासारखं. माझ्या चष्म्यावर चार थेंब पडले. आई काही तरी पुटपुटत होती. मग ती सर तशीच काठाकाठाने समुद्राकडे निघून गेली आणि आमच्या खणांवर ऊन पडलं.

पलीकडे काका खणांच्या मध्ये उभे होते. आगरावर घालायला काही झाकण नसतं, त्यामुळे धावपळ करण्यासारखं त्यांच्याकडे काही नव्हतं. ते तसेच भिजत उभे राहिले आणि पाऊस गेल्यावर बांधावर बसले. आईचा तुरळक गाव मी त्या दिवशी पहिल्यांदा पाहिला. त्यात एकच माणूस होता, आणि त्याच्या घरातली माणसं आम्हाला नावानिशी ठाऊक होती. आमचं वाचलं याचा मला आनंद झाला होता, आणि तो झाला म्हणून मला लाज वाटली. बाबांनी पलीकडे हाक मारली नाही.

दुसऱ्या दिवशी आम्ही मीठ ओढलं. दाणा जाड, टपोरा. बाबांनी एक दाणा उन्हात धरून बघितला, जिभेवर ठेवला आणि ते पुन्हा फळी ओढू लागले. एरवी असं चांगलं मीठ झालं, की ते अर्धा दिवस तरी त्याचं कौतुक सांगतात. मी वाट बघत होते. ढीग निथळल्यावर ते त्याच्याभोवती एक फेरी घालून आले आणि मला म्हणाले, "चौकोन एकच मगे?"

"एकच."

"मगे पंदरा तेच्या वाट्याक इले आणि पस्तीस माज्या. हिसोब दोगांचो." त्यांनी फळी उभी धरून ढिगाच्या बरोबर मध्ये खाली ओढली.

मी त्यांना सांगणार होते, की शक्यतेचं गणित असं वाटून घेता येत नाही. सांगितलं नाही. आई पाट्या आणायला केव्हाच घरी गेली होती.

शेजारची होडी मागून आणली. बाबा पाट्यांच्या मध्ये बसले, वल्हं मी मारलं. इतक्या वर्षांत त्यांनी पलीकडे पाऊल ठेवल्याचं मला आठवत नव्हतं. काका मानशीपाशी पाणी बाहेर सोडत होते. होडी लागताना बघूनही त्यांनी हातातलं काम पुरं केलं, मग आले. पाट्यांवरची माडाच्या चुडतांची झाकणं काढून आत बघितलं. बाबांनी बोटाने आमच्या काठावरचा निम्मा उरलेला ढीग दाखवला.

"काळसर असा," काका म्हणाले.

"उतरयतंस काय परत व्हरू?" बाबांनी विचारलं. उतरवतोस, की परत नेऊ?

काकांनी पहिली पाटी स्वतः उचलली. सगळ्या पाट्या खोपीत नेऊन झाल्यावर त्यांनी आतून आम्हाला चहा आणून दिला आणि खणांतल्या मळक्या पाण्याकडे बघत म्हणाले, "फुडल्या वर्सा तुज्यार पडात. तेवां माजा अर्दा तुका. ह्या सांगान ठेवतंय."

मी बाबांकडे बघितलं. आता ते सांगतील, की पुढलं वर्ष नाही, आम्ही बंद करतोय. त्यांनी बशीतला चहा संपवला, बशी खाली ठेवली.

"बरां," ते म्हणाले.

परत येताना खाडीच्या मध्यावर मला राहवलं नाही. मी वल्हं थांबवून विचारलं, "बाबा, ह्या वर्षीचं मीठ शेवटचं, ते त्यांना सांगितलं नाही?"

"फुडल्या वर्सा सांगतलंय," बाबा म्हणाले. "आदी तेचा अर्दा येवंदेत."